खिळा

ऑगस्टमधली गोष्ट. दुसऱ्या दिवशी बाबांची पुण्यतिथी होती आणि आईचं म्हणणं एवढंच होतं, की या वर्षी तरी त्यांचा फोटो भिंतीवर लागावा. फेब्रुवारीत या घरात आलो तेव्हापासून तो कपाटावर, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला होता. मी स्टुलावर चढलो. हातात हातोडी, चिमटीत दोन इंची खिळा आणि दुसरा ओठांत धरलेला, बाबा धरायचे तसा. भिंत नुकतीच रंगवलेली, फिकट बदामी, बोट फिरवलं तर किंचित पूड लागणारी. खिळ्याचं टोक टेकवलं आणि जिन्यावर चपला वाजल्या. घरमालक काका रोज त्याच वेळी गच्चीवरची टाकी बघायला जातात, त्यांना आमच्याकडे यायचंही नव्हतं. पण मी घाईघाईने स्टुलावरून उतरलो आणि हातोडी पाठीमागे लपवली. दार उघडंच होतं. काका उंबऱ्याशी थांबले, "काय, ठीक ना सगळं?" म्हणाले. "हो काका, ठीक," मी म्हटलं. ओठांतला खिळा तोवर गालात सरकवला होता. काका वर गेले. माझ्या तोंडात बराच वेळ लोखंडाची चव राहिली.

मी 53 वर्षांचा आहे.

फोटो त्या दिवशी लागला नाही. श्राद्धाला तो फ्रिजवर ठेवला, मागे टेकू म्हणून डाळीचा डबा. आई काही बोलली नाही, नुसतं हाराचं टोक सारखं करत राहिली. ही म्हणाली, "अहो, काकांना विचारायचं तरी." लेक म्हणाली, "बाबा, करारात लिहिलंय. नववं कलम." दोघींचंही बरोबर होतं. रात्री मात्र मला झोप लागेना. काका भले गृहस्थ आहेत, आवाज चढवून कधी बोलल्याचं आठवत नाही. आपण काही चोरत नव्हतो, कुणाचं काही मोडत नव्हतो. वडिलांचा फोटो लावत होतो. मग हात आपोआप मागे का गेला? तो हात किती वर्षांपासून असा मागे जायला शिकला होता?

आमचा करार 11 महिन्यांचा आहे. सगळ्यांचेच असतात. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे रजिस्टर करावा लागतो, त्याचा खर्च आणि कटकट नको म्हणून भाडेकरूचं वर्ष 11 महिन्यांचं झालं. गेल्या 19 वर्षांतली ही इंदूरमधली आमची सहावी जागा. दर वेळी गॅसचा पत्ता, बँकेचा पत्ता, आधारचा पत्ता. दर वेळी चार-पाच खोकी अशी राहतात की ती उघडायचीच नाहीत, पुढच्या वेळी तशीच उचलता येतात. आमच्या लहानपणी मोठी माणसं 'बिऱ्हाड' म्हणत. "त्यांचं बिऱ्हाड आता नारायणबागेत आहे," असं कुणाबद्दल बोललं जाई तेव्हा त्या शब्दात चूल, देव, पाटे-वरवंटे, रडणारं मूल, सगळं असे. घर दुसऱ्याचं असलं तरी बिऱ्हाड आपलं असायचं. आता करारात 'भाडेकरू' हा एकच शब्द येतो, आणि त्या शब्दात भाड्याखेरीज दुसरं काही मावत नाही.

रामबागेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. माझा जन्म तिथला, लग्न तिथलं, लेकही तिथेच रांगली. आज डोळे मिटले की त्या खोल्यांमधलं आधी काय दिसत असेल, तर खिळे. बाबांच्या कोटाची लाकडी खुंटी दाराजवळ, तिच्याखाली छत्रीचा खिळा. कालनिर्णयचा खिळा देवांच्या कोनाड्याशेजारी. कंदिलाचा एक, दप्तराचा एक, आणि एक उगाचच खूप उंचावर होता, तो कुणी आणि कशाला ठोकला हे आजीलाही माहीत नव्हतं. दिवाळीच्या आधी सगळं काढून चुना देत असत. तेव्हा रिकाम्या भिंतीवर नुसते खिळे दिसायचे. रंगारी ते काढायचा नाही, त्यांच्यावरूनच कुंचला फिरवायचा. त्यामुळे आमचे खिळे दर वर्षी थोडे जाड होत. कोनाड्याजवळचा तर करंगळीएवढा झाला होता, वरून पांढरा, टोकाशी गंजाचा तांबूस डाग.

भाडं 22 रुपये होतं, पुढे 60 झालं. 1961 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे मालकीणबाईंना ते वाढवता येत नव्हतं आणि आम्हाला काढताही येत नव्हतं. आम्ही त्यांना माई म्हणत असू. हे सांगताना मला एक खरं सांगितलंच पाहिजे, की तो कायदा आमच्या बाजूने होता तेव्हा माईंच्या बाजूने कुणी नव्हतं. आमच्या 60 रुपयांत त्यांची कौलंसुद्धा बदलून होत नव्हती. पावसाळ्यात त्यांच्याच माजघरात तीन पातेली मांडलेली असायची. त्या गेल्या, मुलांनी वाडा विकला, आम्हा भाडेकरूंना थोडी रक्कम देऊन मोकळं केलं. मुलांना तरी मी काय बोलू? ती रक्कम बाबांच्या बायपासमध्ये संपली. 2006 च्या उन्हाळ्यात एकदा सियागंजातल्या पेढीवरून घरी जाताना मुद्दाम त्या गल्लीतून गेलो. पुढचा अर्धा वाडा पाडून झाला होता आणि आमच्या खोलीची मागची भिंत रस्त्यावर उघडी पडली होती. कोनाडा, कंदिलाच्या काजळीचा पट्टा, आणि ते सगळे जाडजूड पांढरे खिळे. येणारे-जाणारे बघत होते. आपल्या आईला कुणी रस्त्यात उघडं पाडावं तसं मला झालं. मी सायकल थांबवली नाही.

त्या खिळ्यांमुळे कुणी आम्हाला कधी बोललं नव्हतं. तरी बाबांना स्वतःचं घर हवं होतं. 1984 मध्ये त्यांनी एका गृहनिर्माण सहकारी संस्थेत नाव घातलं. मिलमध्ये ते टाइमकीपर होते, पगारातून दर महिन्याला दीडशे रुपये हप्ता. रविवारी दुपारी जेवण झालं की मला सायकलच्या दांडीवर बसवून ते प्लॉट बघायला नेत. गावाबाहेर, सोयाबीनच्या शेतांना लागून ती जमीन. पावसाळ्यात तिथली काळी माती चपलेला अशी चिकटे, की चार पावलांत उंची वाढल्यासारखी वाटे. बाबा खिशातून कागद काढत, दिशा बघत, आणि पावलं मोजत चालू लागत. "ही बैठक. इथे स्वयंपाकघर, खिडकी पूर्वेला, म्हणजे तुझ्या आईला सकाळी दिवा लावायला नको. इथे तुझी खोली." मी तिथे जाऊन उभा राहायचो. बाभळीच्या सावलीत, गुडघाभर गवतात, माझ्या खोलीत. परत येताना बाबा गप्प असत, पण सायकल जोरात चालवत.

प्लॉट कधी मिळाला नाही. संस्थेचे पदाधिकारी बदलले, सभासदांच्या याद्या बदलल्या, ज्यांनी हप्ते भरले त्यांच्या नावावर काट मारून भलत्यांच्या नावाने रजिस्ट्र्या झाल्या. इंदूरमध्ये हे एवढ्या लोकांच्या बाबतीत झालं आहे, की दहा मराठी घरांत चौकशी केली तर दोन-तीन घरांत तरी पावत्यांची पिवळी पडलेली थप्पी निघेल. 2021 मध्ये प्रशासनाने मोहीम काढून काही वसाहतींमधल्या जुन्या सभासदांना जागा मिळवून दिल्या. काही म्हातारी माणसं स्वतःच्या प्लॉटवर उभी राहून रडत असल्याचे फोटो पेपरात आले होते. आमच्या संस्थेचं नाव त्यात नव्हतं. मी ते पान कापून ठेवलं आहे, बाबांच्या पावत्यांबरोबर.

मिल तर त्याआधीच बंद पडली. इथल्या मिलांचं काय झालं हे इंदूरकरांना सांगायला नको. हुकुमचंद मिलचं सगळ्यांना ठाऊक आहे: डिसेंबर 1991 मध्ये बंद, जवळजवळ 4,800 कामगार, आणि देणी मिळाली 25 डिसेंबर 2023 ला, 224 कोटी. मी हिशेबाचा माणूस, त्या दिवशी माझ्या हाताने आपोआप भागाकार केला. माणशी साधारण 4 लाख 67 हजार, 32 वर्षांनंतर. कितीजण तोवर गेलेले होते, त्यांच्या बायका, नातवंडं कागद घेऊन आली होती. मिलची जमीन गृहनिर्माण मंडळाकडे गेली आणि त्यातून हा पैसा उभा राहिला. ज्या कामगाराला 1992 मध्ये ही रक्कम मिळाली असती तर त्याने शहरात घर बांधलं असतं, त्याच्या वारसाला आता त्याच जमिनीवरच्या घराची चौकशी करायलाही ती पुरणार नाही. बाबा दुसऱ्या मिलमधले. त्यांना जे मिळायचं ते अर्धवट मिळालं आणि मग ते सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात 2002 पर्यंत राबले. अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलांच्या झांक्या अजून निघतात. मिला नाहीत, भोंगे नाहीत, पण जुने कामगार वर्गणी गोळा करून रोषणाईचे ट्रक सजवतात आणि सारं शहर रात्रभर रस्त्यावर उभं राहतं. बाबा शेवटच्या वर्षापर्यंत गेले. जिन्याचे पाच दगड चढताना धाप लागायची, पण झांकीला चार तास उभे.

त्या कारखान्याची पेन्शन आता आईला मिळते, 1,000 रुपये. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला सरकारने सप्टेंबर 2014 मध्ये हा किमान आकडा ठरवला, आणि 11 वर्षं झाली तरी तो तेवढाच आहे. देशभरचे म्हातारे 7,500 मागत आंदोलनं करतात. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई बँकेत जाते, दोन पाचशेच्या नोटा आणते आणि माझ्या हातावर ठेवते. "भाड्यात माझा वाटा," म्हणते. भाडं 13,000 आहे. मी त्या नोटा घेतो, कारण घेतल्या नाहीत तर ती दिवसभर बोलत नाही.

सियागंजात एका किराण्याच्या पेढीवर मी 24 वर्षं हिशेब लिहितो. आधी लाल बासनातल्या वह्यांत, आता कॉम्प्युटरवर. धणे, मिरची, हिंग यांचा वास कपड्यांतून जात नाही, लेक लहानपणी म्हणायची की बाबांना मसाल्याचा वास येतो, आणि मला वाटतं तिला अजूनही तो आवडतो. पगार 28,000. त्यातला काही भाग बँकेत, काही हातात. नियुक्तिपत्र कधी मिळालं नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, आता प्रत्येकाला नियुक्तिपत्र द्यायचं आहे असं वाचलं, ती बातमी मी दुपारच्या चहाला दोनदा वाचली. पण पत्र मागायला गेलो नाही. माझ्यासमोर दिवसभर पोती वाहणारे हम्माल आहेत, गोदामातली पोरं आहेत, त्यांच्यापुढे माझं रडगाणं काय. राज्यात किमान वेतन 2014 नंतर वाढलं ते थेट एप्रिल 2024 मध्ये, 10 वर्षांनी. कायद्यात दर 5 वर्षांनी फेरविचार लिहिलेला होता. अकुशल कामगाराला महिना 11,800 असं ठरलं, कारखानदार न्यायालयात गेले, स्थगिती आली, आणि त्या पोरांचे कितीतरी महिने जुन्याच दराने गेले. गोदामातला एक मुलगा मला विचारायचा, "बाबूजी, बढ़ा कि नहीं बढ़ा?" मला दर वेळी सांगावं लागायचं, वाढलंय, पण अजून नाही.

लेक आता 25 ची आहे, विजयनगरकडच्या एका कंपनीत, 26,000. गेल्या वर्षी तिच्या आग्रहामुळे आम्ही बायपासच्या बाजूला फ्लॅट बघायला गेलो. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये एसी लावलेला होता, टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. माझी नजर आधी ते चित्र कशाला टांगलंय तिकडे गेली. विकणारा मुलगा लेकीच्याच वयाचा, टाय लावलेला, फार आदराने बोलणारा. सुपर बिल्ट-अप, कार्पेट, पार्किंग, सगळं धरून 52 लाख. "अंकल, हे अफोर्डेबलमध्येच बसत होतं हो, मागच्या वर्षी." सरकारच्या जीएसटीच्या नियमांत 45 लाखांपर्यंतचं घर परवडणारं धरतात, 2019 पासून. मी तिथेच पाकिटाच्या मागे आकडे मांडले. 45 लाखांच्या घराला 36 लाख कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता 31,000 च्या वर. माझ्या पूर्ण पगारापेक्षा जास्त. आणि हे 'परवडणारं'. मराठीत आपण म्हणतो, "हे मला परवडत नाही." त्यात 'मला' महत्त्वाचं. कुणाला परवडतं हे न सांगता नुसतं 'परवडणारं घर' कसं असेल? बँकेत गेलो तर तिथल्या साहेबांनी माझं वय पाहिलं. 60 पर्यंत 7 वर्षं, हातात मिळणारा पगार धरता येत नाही, लेकीचं नाव जोडा. लेक लगेच तयार झाली. मीच उठलो. तिच्या पंचविसाव्या वर्षी तिच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंतचं आयुष्य मी एका सहीत बांधून टाकणार होतो.

मग एक दलाल भेटला, प्लॉट घ्या म्हणाला, डायरीवर. इंदूरबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. वसाहतीचा नकाशा मंजूर व्हायच्या, रेराचा नंबर यायच्या आधीच रोख पैसे घेतात आणि नाव एका डायरीत लिहितात. कागद तेवढाच. पुढे तीच नोंद जास्त भावाने दुसऱ्याला, तिसऱ्याला विकली जाते. घर बांधायचं असलेला माणूस सगळ्यांत शेवटी येतो आणि मधल्या सगळ्यांचा नफा त्याच्या एकट्याच्या अंगावर पडतो. मी आयुष्यभर वह्या लिहिल्या आहेत, अशा डायरीला मी वही म्हणू शकत नाही. आणि 1984 च्या पावत्या माझ्या कपाटात आहेत. मी नाही म्हटलं, चहाही घेतला नाही.

दिवाळीत रात्री आम्ही चौघं रिंगरोडने फिरायला गेलो होतो. आईला रोषणाई बघायची असते. एका नव्या उंच इमारतीसमोर रिक्षा सिग्नलला थांबली. गेटवर माळा होत्या, पण वर बहुतेक खिडक्या काळ्या. लेक मोजायला लागली, दहाव्या मजल्यापर्यंत 40 खिडक्या, उजेड 11 मध्ये. "बाबा, लोक गावाला गेले असतील ना?" गेलेही असतील. पण 2011 च्या जनगणनेत आपल्या देशाच्या शहरांमध्ये 1 कोटी 10 लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली होती, हे मला माहीत आहे, आणि त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. घरं नाहीत म्हणून आम्ही भाड्याने राहतो असं मी लेकीला कुठल्या तोंडाने सांगू? घरं आहेत. दिवाळीच्या रात्री अंधारात बसलेली.

माझं या शहरावर प्रेम आहे. 2017 मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हा मी पेढीवर पेढे वाटले होते. सकाळी पिवळी गाडी आली की आई अजूनही स्वतः डबे घेऊन खाली उतरते, ओला वेगळा, सुका वेगळा, आणि शेजारणीने चुकीचा टाकला तर तिला बोलते. लाखो लोकांच्या सवयी या शहराने दोन-तीन वर्षांत बदलून दाखवल्या. म्हणून माझा राग जास्त आहे. जे मनावर घेतलं ते इथे झालं. 25 जून 2015 ला एकाच दिवशी स्मार्ट सिटीची आणि 2022 पर्यंत सर्वांना घराची, अशा दोन्ही घोषणा झाल्या. पहिलीच्या यादीत इंदूर पहिल्या 20 शहरांत होतं, रस्ते रुंद झाले, राजवाड्यावर दिवे लागले. दुसरीतून अनेक गरिबांना घरं मिळाली, ते मी नाकारणार नाही. पण पगारही कमी आणि गरिबीच्या यादीतही नाही, असे आमच्यासारखे लोक कुठल्या रकान्यात बसायचे होते? 2022 येऊन गेलं. त्याबद्दल कुणी भाषण केलं नाही आणि आम्ही कुणी विचारलंही नाही.

विचारायचं तरी कधी, मतदानाच्या वेळी. 1989 मध्ये सुमित्राताई महाजन पहिल्यांदा लोकसभेला उभ्या राहिल्या आणि माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठींना त्यांनी हरवलं, तेव्हा वाड्याच्या ओट्यावर दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते बसायचे आणि माई दोघांनाही नळाच्या वेळेवरून फैलावर घ्यायच्या. 2024 मध्ये अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी काँग्रेसच्या उमेदवारानेच अर्ज काढला आणि तो भाजपमध्ये गेला. 13 मे ला आम्ही रांगेत उभे होतो, ऊन मी म्हणत होतं, केंद्रावर मतदारांसाठी पाण्याचे माठ ठेवलेले, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. निकाल लागला: विजय 11 लाख 75 हजारांहून जास्त मतांनी, आणि नोटाला, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही'ला, 2,18,674 मतं. देशात कुठल्याही मतदारसंघात नोटाला एवढी मतं कधी पडली नव्हती. लेकीने नोटा दाबल्याचं घरी येऊन सांगितलं. मी तिला बोललो, मत वाया घालवलंस म्हणून. ती म्हणाली, "मग कुणाला सांगू बाबा, की मला राग आलाय?" मला उत्तर सुचलं नाही. त्या दोन लाखांत कुणाला पक्षाने सांगितलं असेल, कुणाला उमेदवाराचा संताप असेल, आणि कुणाला घरभाड्याचा. यंत्रात सगळ्यांचा आवाज एकच बीप. आता हे लिहिताना वाटतं, की तोही हातोडी पाठीमागे धरल्यासारखाच प्रकार होता. राग हातात घट्ट धरलेला, आणि कुणाला दिसू द्यायचा नाही.

नोव्हेंबरमध्ये मतदारयाद्यांची फेरतपासणी सुरू झाली. 2003 च्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव शोधून फॉर्ममध्ये लिहायचं होतं. भाडेकरूंची धावपळ उडाली, कारण नाव एका पत्त्यावर आणि माणूस तिसऱ्याच. यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई काकांच्या पोर्चमध्ये बसल्या होत्या, त्यांच्या टेबलाशी सगळी गल्ली. लेकीने मोबाइलवर जुनी यादी उघडली, पान खाली सरकवत गेली आणि थांबली. रामबागेतल्या वाड्याचा नंबर. त्याखाली ओळीने बाबा, आई, मी, ही. मग माई. मग शेजारचे, वरच्या मजल्यावरचे, एकूण 17 नावं, आता त्यातली 6 माणसं उरली आहेत. आईने चष्मा वर-खाली करत ते पान बघितलं आणि विचारलं, "तो वाडा अजून आहे का रे त्यांच्या कागदात?" लेकीने फॉर्ममध्ये तो अनुक्रमांक उतरवून घेतला. ज्या घराचा आज एक दगडही शिल्लक नाही, त्या घराच्या आधाराने ती मतदार राहिली. स्वतःच्या मालकीच्या भिंती ज्यांच्या होत्या, त्यांचे फॉर्म दोन मिनिटांत भरून होत होते.

त्या संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर काका खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. विद्युत मंडळातून निवृत्त झालेले, मुलगा परदेशी, मुलगी पुण्याला. काकूंच्या औषधांना वरच्या मजल्याचं भाडं लागतं, हे त्यांनी लपवलेलं नाही. यादीतलं वाड्याचं पान मी त्यांना दाखवलं. ते बराच वेळ बघत होते. मग आपलं घर कसं बांधलं ते सांगायला लागले. 1988. कर्ज काढून, काकूंच्या बांगड्या मोडून. मजूर सोडून जात म्हणून हे स्वतः रोज पहाटे साडेचारला येऊन भिंतींवर पाणी मारायचे, मग तसेच ओल्या पॅंटने ड्यूटीवर. "प्लास्टरला एक केसाएवढी चीर गेली तरी मला झोप लागत नाही हो," म्हणाले. मी ऐकत होतो आणि मला गुडघाभर गवतात पावलं मोजणारे बाबा दिसत होते. बाबांना प्लॉट मिळाला असता तर त्यांच्याही करारात खिळ्याचं कलम असतं. हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

करार संपायचा दिवस नेमका संक्रांतीचा, 14 जानेवारी. काका सकाळीच वर आले. एका हातात स्टीलच्या डब्यातला तिळगूळ, दुसऱ्यात नवा स्टॅम्प पेपर. पुन्हा 11 महिने, भाड्यात 10 टक्के वाढ. 14,300. मी आदल्या रात्री बोलायचं ठरवलं होतं, बोललोही. काका म्हणाले, "मलाही सगळं वाढूनच मिळतंय हो." आकडा हलला नाही. लेक आपल्या पगारातून वरचे 1,300 देते म्हणाली, आईने तिच्या नोटा काढायला बटवा उघडला, तिला मी थांबवलं. मग काका एकेक कलम वाचू लागले. वाचताना बोट ओळीखालून सरकत होतं. नवव्यावर आले तेव्हा मी म्हटलं, "काका, मला एक खिळा ठोकायचाय. वडिलांचा फोटो आहे." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

काकांनी चष्मा काढला. फ्रिजवरच्या फोटोकडे बघितलं, डाळीच्या डब्याकडे बघितलं. "कुठे?" म्हणाले.

मी भिंत दाखवली. ते उठले, जवळ गेले आणि वाकड्या बोटाने ठोकून बघायला लागले. टक, टक. कान भिंतीला जवळजवळ लावलेला. "इथून लाइट गेलीय, इथे नको." थोडं डावीकडे. "ही विटेची फट." आणखी थोडं वर. मी हातोडी आणून त्यांच्यामागे उभा राहिलो, या वेळी समोर धरून. आई खुर्चीवरून मान उंचावून बघत होती. काका बोटाने ठोकत पुढे सरकत होते.